दख्खनचा पाषाण आणि प्राणवायू

तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पापनाशम हे तालुक्याचे गाव लागते. कावेरीच्या खोऱ्यातील इतर गावांप्रमाणेच येथेही दृष्टी पोहोचेल तेथवर भातशेती पसरलेली आहे. कर्नाटक संगीताच्या रसिकांस हे गाव पापनाशम शिवन यांच्या नावामुळे परिचित आहे. आमच्या मनात मात्र ते घर करून राहिले आहे ते एका धान्याच्या कोठारामुळे. गावाला लागूनच असलेल्या तिरुप्पालैत्तुरै येथील पालैवननाथस्वामींच्या देवळाच्या आवारात हे कोठार उभे आहे. तंजावरच्या नायक राजांनी ते १६०० ते १६३४ या काळात बांधले. उंची ३६ फूट, रुंदी ८६ फूट, आणि आत ३,००० कलम भात मावेल एवढी जागा. कलम हे तमिळ देशीचे धान्याचे जुने माप होय. तमिळनाडूच्या पुरातत्त्व खात्याने या वास्तूला संरक्षित स्मारकाचा दर्जा दिला आहे.

हे कोठार प्रथम पाहिले तेव्हा आमच्या मनात एकच विचार आला. ज्या प्रदेशात भाताला तोटा नाही, त्या प्रदेशातील राज्यकर्त्यांना एवढे मोठे कोठार बांधण्याची गरज का भासावी? उत्तर सोपे आहे. पीक येते ते त्याच्या काळी येते. भूक मात्र काळवेळ पाहून येत नाही. शेतात पिकलेले आणि वेळेला हाताशी असलेले यांत जे अंतर असते, ते भरून काढण्यासाठीच कोठारे बांधावी लागतात.

हे कोठार आम्हांला पुन्हा आठवले ते एप्रिल २०२१ मध्ये. त्या महिन्यातील दिवस आपल्यापैकी कोणीही विसरला नसेल. आपण येथे, महाराष्ट्रापासून शेकडो मैल दूर, आणि आपली माणसे पुण्यात, नाशकात, नागपुरात अडकलेली. जाण्याची सोय नाही, बोलावण्याचीही नाही. दूरध्वनी वाजला की आधी छातीत धडधड व्हावी आणि मग तो उचलावा, असे ते दिवस होते. आमचे ज्येष्ठ बंधू नाशिक येथे असतात. रुग्णालयात खाट मिळाली नाही, म्हणून त्यांना घरीच ठेवले होते, आणि पुतण्याने कोठून तरी खटपट करून प्राणवायूचे एक यंत्र भाड्याने आणले होते. रोज रात्री आम्ही दूरध्वनी करीत असू. बंधूंना फार बोलवत नसे. पण त्यांच्या मंद बोलण्यामागून त्या यंत्राचा आवाज सतत ऐकू येई. काही सेकंद घरघर, मग एक दीर्घ फुसकारा. पुन्हा घरघर, पुन्हा फुसकारा. पुढे पुढे तर बंधू काय बोलतात यापेक्षा तो फुसकारा चालू आहे ना, याकडेच आमचे कान लागू लागले.

बंधू बरे झाले. मात्र त्यांच्याच गल्लीतील दोन घरांत असे यंत्र वेळेवर पोहोचले नाही, आणि ती दोन्ही घरे आज ओकी झाली आहेत. त्यानंतर आम्ही पुतण्याला विचारले, "त्या पेटीत होते तरी काय?" तो अभियंता आहे. तो म्हणाला, "काका, विशेष काही नाही. एक पंप, दोन नळकांडी, आणि त्यांत भरलेले दगडाचे दाणे. झिओलाइट म्हणतात त्याला."

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. विज्ञानाशी आमचा संबंध शाळेतच संपला. तथापि हवेतून प्राणवायू वेगळा करणारा हा दगड कोणता, आणि तो आला कोठून, हे जाणून घेण्याची ओढ लागली. शोध घेता घेता त्या दगडाची वंशावळ आपल्याच घराच्या ओसरीवर येऊन पोहोचली, म्हणून ती येथे सांगावीशी वाटते.

सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला मोठमोठ्या भेगा पडून त्यांतून लाव्हा वाहिला. थरावर थर साचले आणि आपला सह्याद्री, आपले काळे पठार घडले. त्या थरांचा आज शिल्लक असलेला विस्तारही सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर भरतो. लाव्हा थंड होताना त्यात अडकलेल्या वायूंच्या बुडबुड्यांच्या जागी खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे खनिजे विरघळलेले उष्ण पाणी या पोकळ्यांत झिरपत राहिले आणि त्यांच्या भिंतींवर पांढरे, गुलाबी, मध्येच हिरवट असे स्फटिक उगवले. विहीर खणताना किंवा खडीच्या खाणीत सुरुंग उडवल्यावर काळ्या दगडाच्या पोटात चमचमणारे हे स्फटिक आपल्याकडील कित्येक शेतकऱ्यांनी आणि वडारांनी पाहिले आहेत. त्यांतील पुष्कळसे स्फटिक झिओलाइट कुळातील असतात. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, मेसोलाइट, चॅबझाइट अशी त्यांची शास्त्रीय नावे आहेत.

झिओलाइट हे नाव मात्र दख्खनचे नव्हे. स्वीडनमधील क्रोनस्टेट नावाच्या खनिजशास्त्रज्ञाने १७५६ मध्ये अशा एका खनिजाला फुंकनळीच्या ज्योतीत धरले, तेव्हा ते दगड असूनही उकळी आल्यासारखे फसफसू लागले. ग्रीक भाषेत 'झेओ' म्हणजे उकळणे आणि 'लिथोस' म्हणजे दगड. या दोन शब्दांवरून त्याने त्याचे नाव ठेवले. 'उकळता दगड' असा त्याचा अर्थ. उकळत होते ते अर्थातच दगडाच्या पोटातील पाणी. या खनिजांची घडण मधाच्या पोळ्यासारखी पोकळ असते आणि त्या पोकळ्यांत पाणी राहते. तापवले की पाणी निघून जाते, परंतु पोळे ढासळत नाही. रिकामे राहते, आणि पुन्हा कशाने तरी भरण्यास सिद्ध असते. या एका गुणावर पुढचा सर्व इतिहास उभा आहे.

आपल्याकडील स्फटिकांची कीर्ती एकोणिसाव्या शतकातच विलायतेला पोहोचली होती. १८५६ ते १८६३ या काळात मुंबई-पुणे लोहमार्गासाठी बोरघाट फोडण्यात आला. हजारो मजूर त्या कामावर होते आणि त्यांपैकी कित्येक साथीच्या रोगांना बळी पडले. त्यांनी फोडलेल्या कातळातून निघालेले सुंदर स्फटिक तिकडील संग्रहालयांच्या कपाटांत जाऊन बसले. आजही जगातील मोठ्या खनिजसंग्रहांत पुणे, नाशिक, जळगाव ही नावे लिहिलेल्या चिठ्ठ्या आढळतात. खुद्द नाशिक जिल्ह्यात सिन्नर येथे गारगोटी संग्रहालय आहे, आणि तेथे या खनिजांचे जे वैभव मांडलेले आहे ते पाहून परदेशी माणसेही थक्क होतात. सौंदर्य म्हणून या दगडाची ओळख आपल्याला फार पूर्वी झाली. त्याच्या पोटातील रिकाम्या जागेचे मोल मात्र दुसऱ्यांनी ओळखले.

ते कसे ओळखले गेले, हेही पाहण्यासारखे आहे. १९२५ मध्ये वायगेल आणि स्टाइनहोफ या दोन जर्मन संशोधकांना असे आढळले की, पाणी काढून टाकलेला चॅबझाइट पाण्याची किंवा मद्यार्काची वाफ आत घेतो, परंतु ॲसिटोन, ईथर, बेंझीन यांना दाराशीच थोपवतो. म्हणजे त्याच्या पोकळ्यांची दारे एवढी नेमकी असतात की लहान रेणू आत शिरावा आणि मोठ्याने बाहेर राहावे. मॅकबेन यांनी १९३२ मध्ये यास 'रेणूंची चाळणी' असे नाव दिले. ब्रिटनमध्ये रिचर्ड बॅरर यांनी १९४० च्या दशकात या चाळणीचा पद्धतशीर अभ्यास केला. परंतु निसर्गातील स्फटिकांची एक अडचण होती. ते भेसळयुक्त असत, त्यांची दारे एकसारखी नसत, आणि कारखान्याला पुरतील एवढ्या प्रमाणात ते मिळत नसत.

ती अडचण अमेरिकेत दूर झाली. युनियन कार्बाइड या कंपनीच्या लिंडे विभागात रॉबर्ट मिल्टन यांनी १९४९-५० च्या सुमारास सिलिका, ॲल्युमिना आणि सोडा यांच्या मिश्रणातून तुलनेने कमी तापमानाला, थोड्याच अवधीत कृत्रिम झिओलाइट तयार केले. त्यांतील 'ए' आणि 'एक्स' हे प्रकार आजही जगभर वापरात आहेत. १९५४ मध्ये त्यांची विक्री सुरू झाली. ज्या कामाला निसर्गाने युगे घेतली, ते काम आता भांड्यात काही तासांत होऊ लागले. याच कंपनीच्या भारतीय उपकंपनीच्या कारखान्यातून डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ येथे विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे गुदमरून मेली, हे येथे नमूद केल्यावाचून पुढे जाणे आम्हांस योग्य वाटत नाही. श्वास देणारी चाळणी आणि श्वास घेणारा वायू एकाच नावाशी जोडलेले असावेत, ही इतिहासाची विचित्र गती आहे.

आता हा दगड हवेतून प्राणवायू कसा वेगळा करतो ते पाहू. आपण श्वासात घेतो त्या हवेत, शंभर भागांत ७८ भाग नत्रवायू, सुमारे २१ भाग प्राणवायू आणि जेमतेम एक भाग आरगॉन वायू असतो. आम्ही समजत होतो की झिओलाइटच्या चाळणीतून एक वायू गळतो आणि दुसरा वर राहतो. वस्तुस्थिती तशी नाही. या कामासाठी वापरतात त्या झिओलाइटची दारे दोन्ही वायूंच्या रेणूंना पुरेशी मोठी असतात; दोघेही आत शिरतात. परंतु आत सोडियम, कॅल्शियम किंवा लिथियम यांचे विद्युतभारित कण बसलेले असतात आणि ते प्राणवायूपेक्षा नत्रवायूला अधिक जोराने धरून ठेवतात. जणू यजमानाने एका पाहुण्याचा हात धरून त्याला बसवून घ्यावे आणि दुसऱ्याला केवळ नमस्कार करून पुढे जाऊ द्यावे. यालाच शास्त्रात अधिशोषण म्हणतात. पाणी स्पंजच्या अंगात मुरते तसे हे मुरणे नव्हे. वायूचे रेणू पोकळ्यांच्या भिंतींना चिकटून राहतात. या भिंती मोजल्या तर एका ग्रॅम झिओलाइटच्या पोटात शेकडो चौरस मीटरचा पृष्ठभाग भरतो.

वायू चिकटला खरा, पण दाणे भरून गेल्यावर पुढे काय? येथे दुसऱ्या एका संशोधकाची युक्ती उपयोगी पडली. एस्सो कंपनीतील चार्ल्स स्कारस्ट्रॉम यांनी १९५८ मध्ये एका पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६० मध्ये ते त्यांना मिळाले. त्याच सुमारास फ्रान्समध्येही असाच विचार चालू होता. पद्धत अशी की झिओलाइटच्या दाण्यांनी भरलेली दोन नळकांडी घ्यावीत. दाणे साधारण मोहरीपासून साबुदाण्याएवढे असतात. हवेतील ओलावा काढून ती दाबाखाली पहिल्या नळकांड्यात सोडावी. नत्रवायू दाण्यांना चिकटतो, प्राणवायू पुढे निघून जातो. दाणे पुरते भरण्याआधीच हवेचा प्रवाह दुसऱ्या नळकांड्याकडे वळवावा आणि पहिल्यातील दाब सोडून द्यावा. दाब उतरताच दाण्यांची पकड सैल होते आणि नत्रवायू बाहेर पडतो. तयार झालेल्या प्राणवायूचाच थोडा अंश उलट दिशेने फिरवून दाणे धुऊन घेतले की ते पुन्हा कामाला सिद्ध. एक भरते तेव्हा दुसरे रिते होते, दुसरे भरते तेव्हा पहिले रिते होते. दूरध्वनीवर आम्ही ऐकत होतो तो फुसकारा म्हणजे एका कोठाराचे रिते होणे होते! दाणे खर्ची पडत नाहीत. कोरडे राखले तर वर्षानुवर्षे टिकतात. बाहेर येणारा वायू सुमारे ९३ टक्के शुद्ध असतो. आरगॉनला हे दाणे प्राणवायूप्रमाणेच वागवतात, त्यामुळे शुद्धता साधारण ९५-९६ टक्क्यांपलीकडे जात नाही. रुग्णाच्या कामाला एवढी शुद्धता पुरते.

मोठ्या प्रमाणावर प्राणवायू मिळवण्याची याहून जुनी रीत म्हणजे हवा गोठवण्याची. जर्मनीतील कार्ल फोन लिंडे यांनी १८९५ मध्ये हवा द्रवरूप करण्याची कृती सिद्ध केली. प्राणवायू उणे १८३ अंशांवर उकळतो आणि नत्रवायू उणे १९६ अंशांवर. या फरकाचा लाभ घेऊन दोघांना वेगळे करतात. पोलाद कारखान्यांना लागणारा आणि रुग्णालयांच्या टाक्यांत भरला जाणारा द्रव प्राणवायू असाच तयार होतो. ही रीत उत्तम आहे. पण कारखाना एकीकडे, रुग्ण दुसरीकडे, आणि मध्ये टँकर.

एप्रिल २०२१ मध्ये हे मधले अंतरच जीवघेणे ठरले. साथीच्या पहिल्या लाटेत देशाची वैद्यकीय प्राणवायूची गरज दिवसाला सुमारे ३,१०० टनांपर्यंत गेली होती. दुसऱ्या लाटेत ती ९,००० टनांच्या घरात पोहोचली. १९ एप्रिल रोजी नवी मुंबईतील कळंबोलीहून रिकामे टँकर आगगाडीवर चढवून विशाखापट्टणमला पाठवण्यात आले आणि तेथून भरून ते नागपूर व नाशिकला आणण्यात आले. रेल्वेच्या इतिहासातील ती पहिली प्राणवायू गाडी. ती परतीच्या वाटेला लागण्यापूर्वीच, २१ एप्रिल रोजी, नाशिक महानगरपालिकेच्या एका रुग्णालयात द्रव प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, दाब उतरला आणि किमान २२ रुग्ण गेले. त्याच जिल्ह्यातील सिन्नरचे संग्रहालय झिओलाइटच्या अप्रतिम नमुन्यांनी भरलेले होते. त्या संग्रहालयाचा यात काडीमात्र दोष नाही, आणि ते स्फटिक फोडून कोणाचा जीव वाचला असता असेही नव्हे. परंतु भूमीच्या पोटात असणे आणि माणसाच्या हाताशी असणे यांतील अंतर याहून स्पष्टपणे कोणी दाखवू शकेल असे वाटत नाही.

हे अंतर आधीच ओळखणारी माणसेही महाराष्ट्रात होती. नंदुरबार हा राज्याच्या टोकाचा, आदिवासीबहुल आणि साधनांनी दुबळा जिल्हा. तेथील तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी, पहिली लाट ओसरू लागली असतानाच, सप्टेंबर २०२० मध्ये हवेतून प्राणवायू वेगळा करणारे मिनिटाला ६०० लिटर क्षमतेचे संयंत्र जिल्ह्यात उभे केले आणि पुढच्या काही महिन्यांत आणखी संयंत्रांची भर घातली. मोठमोठी शहरे टँकरची वाट पाहत होती, त्या वेळी नंदुरबार आपल्या रुग्णांचा भार स्वतः पेलू शकले. दूरच्या रस्त्यावर टँकर अडकला तर आपला जिल्हा सर्वांत शेवटी राहील, हा साधा हिशोब त्यांनी वेळेपूर्वी केला होता.

दुसरे उदाहरण पवई येथील आय.आय.टी.चे. तेथील प्रयोगशाळेत नत्रवायू तयार करणारे एक संयंत्र होते. प्राध्यापक मिलिंद अत्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला की नत्रवायू मिळवण्याची आणि प्राणवायू मिळवण्याची यंत्ररचना जवळजवळ सारखीच आहे, भेद आहे तो आत भरलेल्या दाण्यांचा. नत्रवायूच्या संयंत्रात कार्बनची चाळणी असते. ती प्राणवायू लवकर टिपून घेते आणि नत्रवायू पुढे जाऊ देते. त्यांनी कार्बन काढून त्या जागी झिओलाइट भरला. अवघ्या तीन दिवसांत त्या संयंत्रातून साडेतीन वातावरण दाबाने ९३ ते ९६ टक्के शुद्धतेचा प्राणवायू मिळू लागला. एप्रिलअखेर त्यांनी ही कृती जाहीर केली, कारण असे नत्रवायूचे संयंत्र देशातील अनेक कारखान्यांत उभे होतेच. यंत्र तेच, पंप तोच. दाणे बदलले आणि दान बदलले.

तिसरे उदाहरण संरक्षण खात्याच्या संशोधन संघटनेचे. 'तेजस' लढाऊ विमानाच्या वैमानिकाला उंचावर प्राणवायू मिळावा म्हणून त्या संघटनेच्या बेंगळुरू येथील प्रयोगशाळेने झिओलाइटवर चालणारी यंत्रणा तयार केली होती. तीच मोठी करून मिनिटाला १,००० लिटर देणारी रुग्णालयी संयंत्रे बनवण्याचे ज्ञान उद्योगांना देण्यात आले, आणि त्यांत आपल्या शेजारच्या कोइमतूरची एक कंपनीही होती. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेची संयंत्रे निराळी. ऑक्टोबर २०२१ पर्यंत एकट्या पंतप्रधान साहाय्य निधीतून मंजूर झालेल्या १,२०० हून अधिक संयंत्रांपैकी १,१०० हून अधिक उभी राहिली होती. हे काम लहान नव्हे. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पहिली १६२ संयंत्रे जानेवारी २०२१ मध्येच मंजूर झाली होती, आणि एप्रिलच्या मध्याला त्यांपैकी ३३ च बसवून झाली होती. आम्ही स्वतः सरकारी सेवेतील आहोत. मंजुरीचा कागद आणि चालू यंत्र यांमध्ये किती टेबले असतात हे आम्हांस ठाऊक आहे. त्यामुळे कोणा एकाकडे बोट दाखवण्याचा आमचा अधिकार नाही. तथापि नंदुरबारचा सप्टेंबर आणि देशाचा एप्रिल यांच्यामध्ये सात महिने गेले, आणि ते सात महिने किती महाग पडले, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी मोजावे.

आता या कथेतील सर्वांत बोचणारा भाग. एवढी संयंत्रे एकदम उभारायची म्हणजे टनावारी झिओलाइट हवा. देशात तो मुळीच होत नव्हता असे नाही, पण या कामाला लागणारा, आणि एवढा, तो नव्हता. मे २०२१ मध्ये एअर इंडियाची विमाने रोमला गेली आणि झिओलाइट भरून बेंगळुरूला उतरली. ज्या देशाच्या पठाराखाली या कुळातील स्फटिकांचे जगातील एक श्रेष्ठ भांडार आहे, त्या देशाला दगडाचे दाणे विमानाने आणावे लागले.

आपल्याकडे ज्ञान नव्हते काय? होते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. पॉल रत्नसामी यांच्या नेतृत्वाखाली १९८० च्या दशकात झिओलाइटचे उत्प्रेरक तयार झाले आणि ते कारखान्यांत प्रत्यक्ष वापरलेही गेले. भावनगरच्या मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेत हवेतून प्राणवायू वेगळा करणाऱ्या झिओलाइटवर अनेक वर्षे काम झाले. कच्चा माल नव्हता काय? तोही होता. सिलिका, ॲल्युमिना आणि सोडा एवढेच तर लागते. पांढऱ्या चिकणमातीपासूनही झिओलाइट बनवता येतो आणि तशी माती येथून फार दूर नसलेल्या नेय्वेलीला लिग्नाइटच्या खाणींत निघते. ज्ञान होते, माती होती, माणसे होती. नव्हते ते कोठार. संशोधनाला कारखान्याची, कारखान्याला साठ्याची आणि साठ्याला दूरदृष्टीची जोड वेळेत मिळाली नव्हती, इतकेच.

आणखी एक सावधगिरीची गोष्ट. झिओलाइटचा मोठा शत्रू म्हणजे ओलावा. नत्रवायूपेक्षाही त्याला पाणी अधिक प्रिय. हवा नीट कोरडी केली नाही, किंवा यंत्र महिनोन्महिने बंद पडून राहिले आणि आत दमट हवा शिरली, तर दाणे पाण्याने भरून जातात आणि नत्रवायूला जागा उरत नाही. साथ ओसरल्यावर देशाच्या अनेक भागांतून अशी संयंत्रे बंद पडून असल्याची वृत्ते येऊ लागली. कोठे देखभालीचा करार संपलेला, कोठे चालवणारा माणूस नाही. धान्याच्या कोठाराला जसे ऊन द्यावे लागते, उंदीर-घुशींपासून जपावे लागते, तसेच हे आहे. कोठार बांधणे हा निम्माच धर्म. ते राखणे हा उरलेला.

येथे तंजावरच्या आपल्या पूर्वजांची आठवण होते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांबरोबर जे मराठी लोक या भूमीत आले, त्यांनी दख्खनहून काय आणले? काळा पाषाण तर आणला नाही. ओझे फार झाले असते. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास त्यांनी कोरवला तो येथल्याच दगडावर. त्यांनी आणली ती भाषा, आणि पुढे जोपासली ती विद्या. दुसऱ्या सरफोजीराजांनी सरस्वती महालातील ग्रंथभांडार वाढवले, आणि धन्वंतरी महालात वैद्यांना एकत्र बसवून गुण आलेल्या उपचारांची नोंद करवली. ती नोंद तमिळ पद्यात 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ' या नावाने आजही उपलब्ध आहे. मराठी राजा, तमिळ पद्य, आणि हेतू एकच: आज एकाला गुण देणारे औषध उद्या दुसऱ्याला शोधावे लागू नये. ते ज्ञानाचे कोठारच होते.

गेल्या वर्षी आम्ही पुन्हा पापनाशमला गेलो, तेव्हा बंधूही सोबत होते. दुखण्यानंतरचा त्यांचा हा पहिलाच मोठा प्रवास. कोठाराच्या सावलीत ते थोडा वेळ टेकले, दम घेतला, आणि म्हणाले, "आता यात भात नसेल ना?" नाही म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "मग नुसते पाहायचे." त्यांच्या बोलण्यात विनोद होता, तरी आमच्या मनात ते वाक्य अद्याप घोळते आहे.

आपल्या मंडळाला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. या पन्नास वर्षांत आपण गणेशोत्सव केले, नाटके केली, मुलांना मराठी शिकवले. आणि २०२१ च्या त्या काळात एकमेकांच्या घरी डबे, औषधे आणि धीर पोहोचवला. संकट आले म्हणून मंडळ स्थापन झाले नव्हते. ते आधीपासून होते, म्हणून संकटात उपयोगी पडले. दूर देशी राहणाऱ्या माणसांना याहून मोठा धडा इतिहास देऊ शकेल असे आम्हांस वाटत नाही. प्राणवायू हवेत सर्वत्र आहे आणि झिओलाइट आपल्या पायाखालीच आहे. श्वास लागेल त्या घटकेला दोन्ही हाताशी असावीत, एवढी तजवीज मात्र ज्याची त्याने, आणि वेळेपूर्वी, करावयाची असते.